डी ड्राइव्हमधली हेमांगी

"लॅपटॉपवर पण घालून टाक रे नाव," असं अण्णा त्या माणसाला म्हणाले आणि मी लाटणं हातात तसंच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर धावले.

गडहिंग्लजच्या आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात भांड्यांवर नावं घालणारा माणूस सकाळपासून बसला होता. माझ्या माहेरची, नाशिकची, सगळी भांडी त्याच्यापुढे मांडलेली. पातेली, परात, कळशी, पोहे ठेवायचे डबे. त्याच्या हातातलं विजेचं यंत्र टर्रर्र करत एकेका भांड्यावर अक्षरं कोरत होतं, 'सौ. कावेरी सुहास नेर्लेकर'. शेजारी पाटावर माझे सासरे, म्हणजे अण्णा, चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक भांडं उजेडात धरून तपासत होते. आणि आता त्यांच्या मांडीवर माझा लॅपटॉप होता.

"अण्णा, अहो काय करताय! त्याच्या आत मशीन आहे!" मी म्हणाले.

"आत कशाला घालतोय? वरच्या झाकणावर घालतोय."

"प्लास्टिकवर उठतंय की काका," तो माणूस म्हणाला, "पण आतलं काय जळलं तर मला बोल लावायचा नाही हां."

"ऐकलंत ना? द्या इकडे." मी लॅपटॉप जवळजवळ ओढूनच घेतला. नव्या सुनेनं असं ओढून घेणं बरं दिसत नाही, हे मला नंतर सुचलं. तेव्हा नाही सुचलं.

अण्णा रागावले नाहीत. हिरमुसले. "बरं राहिलं," एवढंच म्हणाले, आणि हातातल्या यादीत पेनानं एक रेघ ओढली.

अण्णांचा सगळा जन्म नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात गेला होता. निवृत्त झाले तरी नोंद अर्धवट राहिली की त्यांना घास गिळत नसे. मी लग्न होऊन आले तशी त्यांनी माझ्या नावाची मोहीमच उघडली. रेशनकार्ड झालं, बँक झाली, गॅसचं पुस्तक झालं, देवळाच्या देणगीदारांच्या पाटीवरसुद्धा झालं. प्रेमानं करायचे हो सगळं. स्वतः रांगेत उभे राहायचे, मला उन्हात येऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे रागवायचं तरी कुणावर, हाच माझा प्रश्न होता.

कारण कावेरी हे नाव माझं नव्हतंच. मी हेमांगी. नेर्लेकरांकडे फार जुनी पद्धत, सुनांची नावं नद्यांची ठेवायची. माझ्या सासूबाई कृष्णा. सांगलीला असतात त्या मोठ्या जाऊबाई नर्मदा. लग्नात तांदळाच्या ताटात सुहासनं अंगठीनं 'कावेरी' लिहिलं तेव्हा माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या होत्या. मीही हसले होते. म्हटलं, हिरण्यकेशी गावातूनच वाहते, तेवढं नाव नाही ठेवलं हे नशीब. मांडवात काय, सगळंच गमतीचं वाटतं.

गंमत संपली ती घरी आल्यावर. दूधवाला दारात "कावेरीवैनी, भांडं आणा" म्हणून ओरडायचा आणि मी शांतपणे कणीक मळत बसायची. मला वाटायचं, कुणाला तरी बोलावतोय. मग सासूबाई हळूच मला कोपरानं ढोसायच्या. "तुलाच म्हणतोय गं."

"लक्षातच राहत नाही, आई."

"होतंय तसं. मला तर किती वर्षं लागली 'ओ' द्यायला. अप्पा, म्हणजे माझे सासरे, हाका मारून मारून दमायचे आणि म्हणायचे, सून बहिरी आणलीय."

"तुमचं आधीचं नाव काय होतं, आई?"

"आता ते काय करायचंय?" म्हणून त्यांनी भाजी चिरायला घेतली होती. मीही पुन्हा विचारलं नाही. आईंचा स्वभाव असा की एखाद्या गोष्टीवर झाकण ठेवलं की ठेवलं.

सुहासनं हा प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकला होता. तो मला 'अगं' म्हणायचा.

तर एकूण काय, त्या घरात मी हेमांगी होते ती फक्त एका ठिकाणी. लॅपटॉपमध्ये. कॉलेजात असताना घेतलेला, एका कोपऱ्याला टवका उडालेला लॅपटॉप. त्याच्या डी ड्राइव्हमध्ये 'हेमांगी' नावाचं एक फोल्डर होतं आणि माझं सगळं त्यात होतं. एमसीएचे प्रोजेक्ट, मैत्रिणींचे फोटो, आणि जावा.

जावा म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा. ती कॉम्प्युटरवर नुसती आणून टाकली की झालं असं नसतं. ती कुठल्या फोल्डरात ठेवलीय, हे मशीनला सांगून ठेवावं लागतं. त्यासाठी एक खिडकी असते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स म्हणतात. तिथे 'पाथ' नावाच्या ओळीत पूर्ण पत्ता लिहायचा. कुठला ड्राइव्ह, कुठलं फोल्डर, त्याच्या आत कुठलं. मग तुम्ही कुठेही बसून जावाला हाक मारा, मशीन त्या पत्त्यावर जाऊन तिला घेऊन येतं. माझ्या सी ड्राइव्हला जागा नव्हती, म्हणून मी जावा माझ्याच नावाच्या फोल्डरात ठेवली होती. पहिल्यांदा ते सगळं जमवताना माझी अख्खी दुपार गेली होती. वर्गातली मुलं म्हणत होती, आण आम्ही करून देतो. मी दिला नाही. ज्या क्षणी चाललं त्या क्षणी मी होस्टेलच्या गॅलरीत जाऊन नाचले होते.

आणि आता दुसऱ्या दिवशी त्याच जावावर माझी परीक्षा होती. पुण्याची एक कंपनी कोल्हापुरात शाखा काढत होती. त्यांना तिथे माणसं हवी होती. गडहिंग्लजहून कोल्हापूरला रोज जाऊन-येऊन करता येतं, त्यामुळे घरातून 'हो' मिळालं होतं. पण मला पास होऊन वर्ष उलटत आलं होतं. वर्ष उलटलं की नवीन माणूस म्हणून कुणी दारात उभं करत नाही, आणि अनुभवी म्हणायला हातात अनुभव नाही. ही संधी गेली की मी कायमची घरात, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरात राहणं वाईट असं नाही म्हणत मी. पण मला नको होतं. मला नोकरी हवी होती, हपापल्यासारखी हवी होती.

नावं घालणारा दुपारी भांडी संपवून गेला. मी सकाळीच सगळं चालवून पाहिलं होतं, त्यामुळे निर्धास्त होते. जेवणं झाल्यावर अण्णांनी विचारलं, "तुझं मशीन घेऊ का जरा? पत्त्यांचा डाव लावतो." निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि सॉलिटेअर खेळण्यात ते पटाईत झाले होते. सकाळी मी त्यांच्या हातातून हिसकावून घेतलेला. नाही कसं म्हणणार? म्हटलं घ्या. संध्याकाळी परत दिला तेव्हा ते इतके खुशीत होते की मला वाटलं, डाव सुटला असेल.

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराची परीक्षा होती म्हणा ना. कारण नेटच्या डोंगलला रेंज यायची ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. आईंनी ओट्याचं एक टोक पुसून लख्ख केलं, त्यावर लॅपटॉप. मागे दिसायला नकोत म्हणून मसाल्याचे डबे काढले आणि भिंतीवर नवी चादर लावली. मिक्सर बंद, कुकर बंद. आमटीची डाळ शिजवून ठेवली होती, पण फोडणी घातली तर ठसक्यानं मी खोकेन म्हणून ती बारानंतर. आई स्वतः दाराशी पाटावर, तोंडावर पदर धरून. सुहास खतांच्या दुकानात गेला होता. जाताना "अगं, घाबरू नकोस" म्हणाला आणि स्वतःच चपला उलट्या घालून गेला.

अकराला स्क्रीनवर कंपनीच्या दाभाडे मॅडम आल्या. केस कापलेल्या, चष्म्याची साखळी गळ्यात, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा.

"गुड मॉर्निंग, हेमांगी. तुमची स्क्रीन मला दिसतेय. प्रोग्रॅमचा प्रश्न पाठवलाय. बारापर्यंत लिहून, चालवून दाखवायचा. चालला पाहिजे, नुसता लिहून उपयोग नाही."

प्रश्न सोपा होता हो! वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव. मला हसूच फुटलं. हात असे चालायला लागले की मी लग्नाबिग्न सगळं विसरले. लिहिलं, तपासलं, डेस्कटॉपवर ठेवलं. आता फक्त चालवायचं. मशीनला हुकूम द्यायची असते ती काळी खिडकी उघडली, हुकूम दिला, एंटर दाबलं.

मशीननं इंग्रजीत सांगितलं, असा हुकूम माझ्या ओळखीचा नाही.

टायपिंग चुकलं असेल म्हणून परत दिला. परत तेच. खिडकी बंद करून नवी उघडली. तेच.  वाटलं, झालं, विसरलीस तू. इतके महिने भाकऱ्या थापल्यास आणि शिकलेलं सगळं विसरलीस.

"हेमांगी, काही प्रॉब्लेम आहे का?" दाभाडे मॅडम.

"मॅडम, माझ्या मशीनला जावा सापडत नाहीये. काल सकाळी चालत होतं. खरंच चालत होतं."

"शोधा. तुम्ही अडचण कशी सोडवता, तेही आम्ही बघतोच. वेळ मात्र बाराचीच."

मी पाथची खिडकी उघडली. पत्ता होता, जसाच्या तसा. डी ड्राइव्ह, हेमांगी, जावा. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग काय मेलं बिनसलंय? मी डी ड्राइव्ह उघडला.

हेमांगी नव्हती.

फोल्डर गायब. माझे प्रोजेक्ट, माझे फोटो, माझी जावा, काही नाही. तिथे सुहासच्या दुकानाच्या पावत्या होत्या, अण्णांच्या आरत्या होत्या, आणि एक 'कावेरी' म्हणून काहीतरी. आणि सांगते तुम्हाला, मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. नजर त्यावरून सरळ पुढे गेली. कुणीतरी परकी बाई, आपल्याला काय करायचंय, तशी. मी माझा माइक बंद केला आणि ओरडले, "आई, माझं सगळं गेलं हो!"

माझा आवाज ऐकून सोप्यातून अण्णा आले. "काय झालं? काय गेलं?"

"माझं फोल्डर. हेमांगी नावाचं. कुणीतरी पुसून टाकलंय."

"हात् तिच्या!" अण्णा हसले. अगदी मनापासून, खळखळून. "पुसतंय कोण? मी कालच सगळं करून ठेवलंय की. वरनं नाव घालू दिलं नाहीस, म्हटलं आतनं घालूया. ते बघ, कावेरी. आतल्या तुझ्या अर्जाचं पण नाव बदललंय, फोटोंचं पण. म्हटलं सुनेला आश्चर्याचा धक्का देऊ. आता एक नोंद म्हणशील तर राहिली नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि समोर तो माणूस लहान मुलासारखा शाबासकीची वाट बघत उभा होता.

"अण्णा," मी म्हणाले, "मशीन हेमांगीच्या पत्त्यावर शोधतंय. तिथे कुणी नाही. म्हणून माझी परीक्षा अडलीय."

त्यांचं हसू गेलं.  "म्हणजे... माझ्यामुळं?"

 मी काळ्या खिडकीतूनच कावेरीत शिरून बघितलं. सगळं आत होतं, जिथल्या तिथे. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण हेमांगी हे नाव मी एका ठिकाणी थोडंच लिहिलं होतं! पाथमध्ये होतं, 'जावा होम' नावाच्या दुसऱ्या ओळीत होतं, प्रोग्रॅमला लागणाऱ्या बारीकसारीक फायलींच्या पत्त्यांत होतं. सगळीकडे जाऊन बदलायचं तर एखादं राहणारच, आणि एक राहिलं तरी गाडी अडणार. घड्याळाकडे बघवत नव्हतं.

"सोपं काय त्यातलं?" आईंनी दारातून विचारलं.

"फोल्डरचं नाव परत होतं तसं करणं. मग कशालाच हात लावायला नको."

"मग कर की! बघत काय बसलीस?"

"थांब, थांब," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "असं कसं? तांदळात काढलेलं नाव आहे. ठेवलेलं नाव पुसत नाहीत, कृष्णाबाई. सुहासला वाईट असतंय ते. आपल्यात कुणी केलेलं नाही."

माझा हात माउसवर थांबला. मला राग यायला हवा होता. पण अण्णांचा चेहरा बघून तोही येईना. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. लेकाच्या जिवाचं म्हटल्यावर मलाही चर्र झालंच, खोटं कशाला बोलू? मी पुन्हा ती पाथची खिडकी पुढे घेतली. म्हटलं, बदलू एकेक पत्ता. बघू किती होतात ते.

तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला. "हेमांगी? हेमांगी, आहात का? हेमांगी!"

मी गडबडीनं माइक चालू केला. "आहे मॅडम, आहे. कारण सापडलंय. करतेय." आणि परत बंद केला.

आईंनी तोंडावरचा पदर काढला. "ती बाई कुणाला हाक मारतीय, ऐकलंत ना?" त्या अण्णांना म्हणाल्या. "ही नाही सापडली तर ती दुसरीला बोलवील. तुमची कावेरी तिला काय करायचीय?"

 अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "सरक जरा," म्हणून ओट्यापाशी आले. "मी केलंय, मीच निस्तरतो. काही व्हायचं असलं तर मला होऊ दे."

"अण्णा, मी करते ना पटकन."

"सरक म्हणतोय नव्हं?"

मी सरकले. ते एका बोटानं टाइप करायचे. एच शोधला. दाबला. ई शोधला. दाबला. मला तर वाटत होतं, त्यांचं बोट धरून आपटावं एकदाचं. एम सापडेना. "कुठं ठेवतात मेले," म्हणून पुटपुटले. शेवटचा आय दाबून त्यांनी देवाला करतात तसा हात जोडला आणि एंटर दाबलं.

मशीननं नकार दिला. फोल्डर वापरात आहे, म्हणे. आधी बंद करा.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" अण्णा कापऱ्या आवाजात म्हणाले. "नाही म्हणतंय ते."

"अहो, ते काळ्या खिडकीमुळे! मीच मघाशी आत जाऊन बघत होते, ती तशीच उघडी राहिलीय." मी ती बंद केली. "हं, आता करा. लवकर करा अण्णा, पाया पडते."

पुन्हा एच. पुन्हा ई. या वेळी एम लगेच सापडला. एंटर.

डी ड्राइव्हमध्ये हेमांगी होती.

मी नवी खिडकी उघडली, हुकूम दिला. मशीननं एकही चूक न काढता, एक अक्षर न बोलता खालची ओळ दाखवली. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल, अशा वेळी काही न बोलणं म्हणजे केवढं बोलणं असतं. पुढचा हुकूम दिला, आणि माझं वाचनालय चालू झालं. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं, सगळं बिनचूक. मी माइक चालू केला. "मॅडम, झालं."

"दिसतंय," दाभाडे मॅडम म्हणाल्या. मग काय काय विचारत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "काय झालं होतं नक्की?"

आता काय सांगणार? घरचं चव्हाट्यावर कसं मांडायचं? "मॅडम, फोल्डरचं नाव बदललं गेलं होतं."

"लग्न झालंय का अलीकडे?"

मी चपापले. "हो, मॅडम."

त्या पहिल्यांदा हसल्या. इतकुसं. "कळवू आम्ही," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी ते का विचारलं, हे मला पुढे त्यांच्या हाताखाली काम करायला लागल्यावर कळलं, पण ती त्यांची गोष्ट आहे, मी सांगणं बरं नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसले.  अण्णांनी माठातलं पाणी फुलपात्रात ओतून माझ्यापुढे धरलं.

"हेमांगी, पाणी पी," ते म्हणाले.

त्या घरात त्यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा आलं. मला हुंदका आवरेना. पाण्याबरोबर ठसका लागला आणि आईंनी पाठीवर थापट्या मारल्या. "बाराच्या आधीच लागला बघ ठसका," म्हणाल्या. मग चादर काढली, डबे जागच्या जागी ठेवले आणि आमटीच्या फोडणीला तेल तापत ठेवलं.

मी तोंड धुऊन सोप्यात आले. अण्णा पाटावर बसले होते. आदल्या दिवशीची भांडी अजून तिथेच होती, ऊन पडून चमकत होती. अण्णा एका डब्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत होते.

"हे आता निघायचं नाही," ते म्हणाले. "स्टीलवरचं आहे."

"राहू दे की अण्णा. छान अक्षर आहे."

"तुला राग आलाय."

"आला होता," मी म्हणाले. "माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही का मला, एकदा तरी?"

"नाही वाटलं," ते म्हणाले. खरं बोलणारा माणूस. "सुनेला विचारायचं असतंय, हे कुणी सांगितलंच नाही."  मग म्हणाले, "तुझं ते मशीन नेमकं काय करत होतं, सांग बघू परत."

"त्याला एक पत्ता सांगून ठेवलेला असतो. हाक मारली की ते त्याच पत्त्यावर जातं."

"आणि तिथं नाव बदललं तर?"

"तर त्याला माणूस सापडत नाही. माणूस तिथेच असतं हो, बाजूलाच. पण त्याला सापडत नाही."

"आणि मग ते म्हणतंय, ओळखीचं नाही."

"हो."

अण्णांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जेवायला चला म्हणतील. ते आतल्या दाराकडे बघत होते. आत तेलात मोहरी तडतडत होती. एकदम मान वर करून त्यांनी हाक मारली.

"सुगंधा!"

मी इकडेतिकडे बघितलं. शेजारीपाजारी, कामाला येणाऱ्यांत, या नावाचं कुणी मला माहीत नव्हतं. "कोण सुगंधा, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "सुगंधा! ए सुगंधा!"

आतून उत्तर नाही. पळीचा आवाज तसाच चालू. मी म्हणणार होते, अण्णा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? तेवढ्यात पळी थांबली. बराच वेळ नुसती फोडणी चुरचुरत राहिली. मग आई दारात आल्या. हातात पळी तशीच, तिच्यातून तेल ठिपकत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कुणाला हाक मारताय?"

"तुला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आई दाराच्या चौकटीला टेकल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या लक्षात होतं?"

"विसरीन कसं? बघायला आलो तेव्हा तूच सांगितलंस की नाव. खाली मान घालून."

"मग एवढ्या वर्षांत एकदा तरी मारायची होती हाक!" त्यांचा आवाज चिरकला. आईंना इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "एकदा तरी! मला वाटलं, कुणालाच माहीत नाही आता. माहेरची होती ती सगळी गेली. मला वाटलं, माझ्याबरोबर जाईल ते."

"अप्पांपुढं कोण बोलणार होतं गं?"

"अप्पा जाऊन तुमचे केस पांढरे झाले की!"

अण्णांनी मान खाली घातली.  आई वळल्या आणि आत गेल्या. मी भांड्यांच्या मधोमध तशीच उभी. आत जाऊन आईंना जवळ घ्यावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. आत डाळीत फोडणी पडल्याचा चर्रर्र आवाज आला. पळी ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"परत मारा," आतून आई म्हणाल्या.

"काय?" अण्णांनी विचारलं.

"हाक. फोडणीच्या आवाजात मघाशी नीट ऐकू आली नाही. परत मारा."

अण्णा उठून उभे राहिले. धोतराचा सोगा सारखा केला, घसा खाकरला. ओट्यावर एच शोधतानाही ते एवढे घाबरले नव्हते.

"सुगंधा!"

"ओऽ," आई म्हणाल्या. "आले."